दार नुसतं लोटून ठेव

४ नोव्हेंबर

लेक बाळाला घेऊन राहायला आल्यापासून घरात दोन गोष्टींवरून धुसफूस आहे. एक दूध आणि दुसरी दाराची कडी. दुधाचं मी सोडून दिलं. नात माझी असली तरी पोर तिची आहे, पाजायचं तेव्हा पाजेल. कडीचं मात्र मला सोडवत नाही.

या घरात दाराला कडी लावायची पद्धतच नाही. दार नुसतं लोटायचं. कडी गंजलेली आहे, ओढताना बोटं सोलवटतात. आणि चोराने न्यावं असं आमच्याकडे आहे तरी काय? शिवणाचं मशीन. तेही जिन्यावरून उतरवताना त्याचीच कंबर जायची. पण ही अंधार पडायला लागला की उठते आणि खाडकन कडी घालते. तिची पाठ फिरली की मी काढते. ती परत घालते. तोंडाने दोघी काही बोलत नाही.

जावई आघाडीवर गेला म्हणून ती इथे आली. तो रुग्णवाहिका चालवतो. त्याच्या हातात बंदूक नाही, स्टिअरिंग आहे, हे मी स्वतःला दिवसातून बरेचदा सांगते.

हे लिहायला लावलं ग्रंथालयातल्या बाईंनी. मी शाळेत गेले नाही. मागच्या लढाईत नवरा गेला, त्यानंतर दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. आता दर शनिवारी पुस्तक बदलते. बाई म्हणाल्या, एवढं आत घालता, थोडं बाहेरही काढा. म्हटलं, बघू.

८ नोव्हेंबर

मी टेलरकडे रफू करते. टेलरला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. लढाई सुरू झाल्यापासून आमचं काम बदललं आहे. पूर्वी लोक सिगरेटने जळलेले कोट आणायचे. आता बायका नवऱ्याचे शर्ट आणतात आणि मुलाच्या मापाचे करून मागतात. मास्तर माप घेतात, पण तो परत आल्यावर काय घालणार, असं कधी विचारत नाहीत. त्यांच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पण एवढं त्यांना कळतं.

आज एक पोरगेलीशी बाई नवऱ्याची पँट घेऊन आली. गुडघ्यावर फाटलेली. म्हणाली, अजिबात दिसता कामा नये. मी म्हटलं, एवढी काय घाई, तो येईपर्यंत वेळ आहे. तर लाजली. तो गेल्यापासून तीच ती पँट घालून घरात फिरते आणि फरशी पुसते. त्याला कळलं तर जन्मभर चिडवेल म्हणाली.

मी ती फार मन लावून भरली. रफूचा धागा बाजारातून आणायचा नसतो. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून ओढून काढायचा आणि त्यानेच भोक विणायचं. नवा धागा कितीही जुळता घेतला तरी दोन धुण्यांत वेगळा दिसतो.

घरी आले तर लेक बाळाला झोपवत होती. आमचंच गाणं म्हणत होती, माझ्या नवऱ्याचं. तिचा गळा त्याच्यावर गेला नाही, नशीब. दोन कडवी झाली की ती थांबत नाही, तेवढीच चाल पुन्हा नुसती गुणगुणते. शब्द संपले तरी बाळ झोपलेलं नसतं, म्हणून असेल.

१३ नोव्हेंबर

शाळेतल्या गाण्याच्या बाई दुकानात आल्या होत्या. ज्यांच्या घरचं कोणी आघाडीवर आहे त्यांच्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम करणार आहेत. झेंडे आणि तुताऱ्यांची गाणी त्यांना नकोत. मागे राहिलेल्या माणसांची हवीत. माझ्या लेकीला त्यांनी विचारलं आणि ती हो म्हणालीसुद्धा. कोणतं गाणं म्हणणार विचारलं, तर आमचंच.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा सुट्टीवर यायचा तेव्हा लेकीला मांडीवर घेऊन म्हणायचा. छावणीत शिकलेलं. तो गेल्यावर मी म्हणत राहिले. इथे उतरवून ठेवते, कागदावर मी ते कधी पाहिलेलं नाही.

दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नको,
उशीर झाला मला तरी जागी राहू नको.
बूट काढीन पायरीवर, वाजू देणार नाही,
झोपेतल्या माणसाला मी उठवणार नाही.

ताट माझं झाकून ठेव, गरम करू नको,
निवलं तरी चालेल मला, पुन्हा उठू नको.
अंधारातच जेवीन मी, भांडं वाजणार नाही,
झोपेतल्या माणसाला मी उठवणार नाही.

तो होताच तसा. घरात आला तरी कळायचं नाही. मी वळायचे आणि तो मागे उभा. पुस्तकांतल्या बायका खिडकीत उभ्या राहून वाट बघतात. मला उभं राहायला वेळ नव्हता, माझ्या पदरात पोर होती. मी गाणं म्हणायचे आणि कामाला लागायचे.

जावई अगदी उलटा. मी त्याला वादळ म्हणते. येतो तो दार बडवत येतो, बुटांसकट स्वयंपाकघरात. पाणी प्यायला गेला तरी दोन भांडी पाडून येतो. पोर पोटात होती तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, अरे जरा हळू, ती आतून घाबरून बाहेर यायची. तर म्हणतो, येऊ दे की, वाटच बघतोय.

२० नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

बँडवाले आजोबा कोटाचं कोपर रफू करायला आले होते. ते पूर्वी सैन्याच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचे. शाळेतल्या कार्यक्रमात वाजवणार आहेत, म्हणून जुना कोट बाहेर काढला. हातोहात हवा होता, म्हणून माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिले. काम करताना मी गुणगुणते. दोन कडवी झाली आणि मी धागा तोडायला थांबले. तर आजोबांनी, छताकडे बघत, पुढचं म्हटलं.

पायात बूट नाहीत आता, वाजतील ते कसं?
दार न उघडताच येतो, वारा येतो तसं.
ताट सकाळी तसंच असेल, घास मोडणार नाही,
झोपेतल्या माणसाला मी उठवणार नाही.

मी सुई खाली ठेवली. हे कुठलं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, कुठलं म्हणजे, ह्याचंच. तिसरं. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घरी कोणी तिसरं म्हणायचं नाही," ते म्हणाले. "असं कोणी ठरवलं नव्हतं. पण नाही म्हणायचे."

मी त्यांना शपथ घातली की लेकीसमोर याचा चकार शब्द काढायचा नाही. ते म्हणाले, बाई, मी कर्णा वाजवतो, माझं तोंड भरलेलंच असतं. मग कोपर वाकडं झालं. आयुष्यात एवढी वाईट रफू मी केली नाही. पैसे घेतले नाहीत.

२१ नोव्हेंबर

दिवसभर नवऱ्याशी भांडले. मनातल्या मनात, पण चांगलं कडकडून. तुला माहीत होतं. तू लेकीला मांडीवर घेऊन, माझ्याकडे बघून हसत, भुताचं गाणं म्हणत होतास आणि मधेच थांबत होतास. मी पुढे इतकी वर्षं तेच म्हणून तिला झोपवलं. ती आता तिच्या पोरीला झोपवते आहे.

जिवंतपणी त्याच्याशी असं कधी भांडले नव्हते. तो सुट्टीवर यायचा, भांडण्यात दिवस कोण घालवणार? भांडून झाल्यावर जरा हलकं वाटलं. दुपारी त्याचाही विचार केला. तिसरं म्हणायचं नाही म्हणजे दर वेळी ते आधी आठवायला लागत असणार, आणि मग तोंड मिटायला.

२५ नोव्हेंबर

जावयाचा फोन लागत नाही. आठवडा झाला, जास्तच. लेक फोन पदराआड घेऊन स्वयंपाक करते. मी तिच्यासमोर गाणं म्हणायचं टाळते. ती म्हणायला लागली की उठून जाते. काल तिने विचारलं, आई, तुझं काय बिनसलंय? मी म्हटलं, गुडघे.

माझ्या नवऱ्याची खबर घेऊन दोन माणसं आली होती. इस्त्रीचे कपडे, हातात टोप्या. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं, ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण त्यांनी ठोठावलं. दोनदा, हळू, अगदी सभ्यपणे. मला ठोठावलेलं आवडत नाही. कडी काढलेली असली की शेजारपाजारचे सरळ आत येतात, ते बरं.

२८ नोव्हेंबर

ठरवून गाण्याच्या बाईंकडे गेले. वर्गात एकट्याच पेटीचा भाता पुसत होत्या. म्हटलं, माझी लेक जे गाणं म्हणणार आहे ते बदला. कारण विचारलं तर मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, त्या गाण्याला एक तिसरं कडवं आहे. कोणी ना कोणी हॉलमध्ये ते ओळखणार, म्हणून दाखवणार, आणि माझी लेक स्टेजवर उभी असताना तिला ते कळणार. तिच्या नवऱ्याचा फोन नाही, बाई. तुम्हीही आई असाल.

बाई पुसायच्या थांबल्या.

"अहो, तिसरं कडवं तिनेच मला लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. फक्त म्हणाली, आईला आधी सांगू नका. तिला अर्धंच येतं."

मी घरी चालत आले. बस आली होती, पण चालत आले.

३० नोव्हेंबर

दोन दिवस दोघी गुडघ्यांवर बोलत होतो. आज दुकानाला सुट्टी. बाळाचे कपडे घड्या घालताना मी म्हटलं, तुला कोणी शिकवलं?

तिने काय म्हणून विचारलं नाही. जावयाने, म्हणाली. त्यालाही छावणीत कळलं होतं. जायच्या आदल्या दिवशी इथेच भांडी घासताना त्याने तिन्ही कडवी म्हटली, आणि तीही ओरडून. तिने ओल्या हाताने त्याचं तोंड दाबलं, माझ्या आईला ऐकू जाईल म्हणून. मी तेव्हा खालच्या बाईंकडे गेले होते.

"तुला पुढचं माहीत नाही हे मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "तू ते किती खुशीत म्हणायचीस."

मग दाराकडे बघून म्हणाली, "म्हणून मी कडी लावते."

मला कळलं नाही. तिने समजावलं, बाळाच्या झबल्याचे बंद बांधत, माझ्याकडे न बघता. गाण्यातला जो माणूस हळू येतो तो मेलेला आहे. त्याला दार लोटलेलं चालतं, लावलेलंही चालतं. जिवंत माणसाला मात्र कडी लावलेलं दार चालत नाही. त्याला बडवावं लागतं. "आणि ह्याला तर हळू येताच येत नाही, आई. हा हळू आला तर मला नको आहे."

मी झबलं तिच्या हातातून घेतलं, बंद उलटे बांधले होते. म्हटलं, कडीला मशीनचं तेल घालते, फार करकरते.

४ डिसेंबर

लेक म्हणते तिसऱ्यावर गाणं संपवून स्टेजवरून उतरायला तिचे पाय उचलणार नाहीत. पण दोनवर थांबणं म्हणजे थाप. गाण्याच्या बाई म्हणाल्या, मग पुढे काहीतरी हवं. कोण लिहिणार? माझी लेक माझ्याकडे बघते. मी म्हटलं, मी वाचते, लिहीत नाही. तर म्हणाली, मग दुपारभर काय खरडत असतेस?

तीन दिवस बसले. चंद्र, तारे, अश्रू, सगळं आणून बघितलं. पुस्तकांत चांगलं दिसतं, इथे ठिगळ दिसतं. मग कंटाळून बाहेरून काही आणायचंच नाही असं ठरवलं. दार, कडी, बूट, भांडं, जे गाण्यात आधीच होतं तेवढंच घेतलं. उत्तर बायकोने द्यायचं. वादळाला समोर उभं केलं आणि बोलले. मग पटकन झालं.

९ डिसेंबर

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. पँटवाली पोरगी पुढच्या रांगेत होती, तीच पँट घालून. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

आजोबांनी कर्णा हळू धरला. माझी लेक दोन कडवी म्हणाली तेव्हा काही माणसं ओठांनी सोबत करत होती. तिसऱ्याला ओठ थांबले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी पर्स उघडली आणि नुसती बंद केली. मग तिने चौथं म्हटलं.

दार आता लावलंय मी, कडी घातली आत,
हळू नको ठोठावू रे, दारावर मार लाथ.
बुटांसकट ये आतवर, मी रागावणार नाही,
उठव मला, हाक मार, मी झोपलेलीच नाही.

लाथेला लोक हसले. शेवटच्या ओळीला कोणी हसलं नाही. लेकीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी बाळाला धरून होते, ते बरं झालं.

नंतर चहाला आजोबा जवळ आले. म्हणाले, "इतकी वर्षं जाग्याच होतात का, बाई?"

मी म्हटलं, अहो, ते लेकीसाठी लिहिलंय, माझं काय त्यात. ते बरं म्हणाले आणि माझ्या कपात साखर घालून गेले. मी साखर घेत नाही.

१४ डिसेंबर

आज माझ्याकडून वाईट झालं. दुकानातून आले, दोन्ही हातांत भाजी. दार ढकललं तर उघडेना. कडी आता मऊ झाली आहे आणि लेक दिवसाही लावते, हे विसरलेच होते. म्हणून ठोठावलं. दोनदा, हळू.

आतून ताट पडल्याचा आवाज आला. ती धावत आली आणि दारापाशी येऊन थांबली. उघडेचना. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग मला कळलं की मी कसं ठोठावलं आहे. मी ओरडले, अगं मी आहे, मी, भाजी आणली.

तिने दार उघडलं. चेहरा पांढरा. मी भाजी तिथेच ठेवली आणि तिला धरलं. ती लहान असतानाही तिला मी असं धरलं नसेन, तेव्हा माझे हात रिकामे नसायचे.

आता घरात नियम केला आहे. आम्ही कोणी ठोठावायचं नाही. खालूनच हाक मारत यायचं. दूधवाल्याला सांगितलं, खालच्या बाईंना सांगितलं. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, मी जिन्यात गाईन. म्हटलं, मग नका येऊ.

२९ डिसेंबर

फोन आला. फोन आला. दोनदा लिहिलं गेलं, राहू दे.

इस्पितळातून. आधी नर्स बोलली, मग तो. हाताला थोडं लागलंय म्हणाला. बाकी मजेत. लेकीने फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, कोणत्या हाताला रे, जेवायच्या तर नाही? तर म्हणाला, तुमच्या हातचं जेवायला एक हात पुरे. केव्हा सोडतील ते नक्की नाही, कळवता येईल असंही नाही. इस्पितळात ओरडू देत नसतील, कारण बोलत होता अगदी हळू. मला त्याचा हळू आवाज ओळखूच येईना.

लेकीने फोन ठेवला. मी म्हटलं, अगं हस की. थोडं लागलंय म्हणाला ना. ती म्हणाली, हो, थोडं म्हणाला.

१७ जानेवारी

संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि दारावर लाथ बसली.

दुसरी बसली तेव्हा कडीचा एक स्क्रू सुटून माझ्या पायाशी आला. लेक उडी मारूनच गेली. मी पिठाच्या हातांनी मागून. दारात तो. दाढी वाढलेली, अर्धा झालेला, डाव्या हातात पिशवी. उजवी बाही कोपरापासून दुमडून पिनेने लावलेली.

लेक त्याला बिलगली होती. कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, मेल्या, लाथ मारतोस? तुला चौथं कडवं कोणी सांगितलं?

"कुठलं कडवं?" तो म्हणाला. "हात मोकळा नव्हता, आई. एकात पिशवी आहे, आणि..." मग नुसता हसला.

माझी नजर त्याने बघितली असणार. पिशवी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत बाळ झोपलेलं बघून त्याने आवाज खाली आणला. वाकून बुटांची नाडी सोडायला लागला, एका हाताने. सुटेना. दात लावायला गुडघा वर घेत होता. लेक खाली बसली तर म्हणाला, थांब, जमेल. जमत नव्हतं.

असू देत, म्हटलं मी. बूट असू देत पायात. ये आत.

तो बुटांसकट स्वयंपाकघरात आला. मी ताट वाढलं. डाव्या हाताची सवय नाही अजून. तिसऱ्या घासाला वाटी गेली, तिच्यामागे पेला, आणि तो पकडायला गेला तर ताटच खाली. एवढा दणका झाला की आत नात दचकून उठली आणि गळा काढला.

कोणी तिला गप्प केलं नाही.